खातेवाटप

माणसानं आयुष्यात एकदा तरी वाटणी करून बघावी. आपण फार न्यायी आहोत असा प्रत्येकाचा जो एक गैरसमज असतो, तो कायमचा जातो. माझा गेला. आणि तो काही शेतीवाडी किंवा दागदागिन्यांची वाटणी करताना गेला नाही; त्यासाठी मुळात शेतीवाडी आणि दागदागिने असावे लागतात. माझा गेला तो घरच्या कॉम्प्युटरच्या डिस्कची वाटणी करताना.

त्याचं असं झालं. आमचा कॉम्प्युटर 2012 सालचा. माणूस असता तर अजून शाळेत असता, पण कॉम्प्युटरच्या जातीत तो पेन्शनर. एका संध्याकाळी त्याचं काहीतरी 'अपडेट' चालू असताना वीज गेली. अर्ध्या तासानं वीज आली, कॉम्प्युटर आला नाही. काळा पडदा आणि डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक पांढरी रेघ. जिवंत आहे एवढं कळत होतं, काम पुढं सरकत नव्हतं. वीस वर्षं बँकेत कारकुनी केल्यामुळे ही अवस्था मी लगेच ओळखली आणि भाच्याला फोन लावला.

भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणाला, "मामा, सिस्टिम गेलीय. डेटा जागेवर असणार. आपण नवी सिस्टिम टाकू. लिनक्स टाकू, फुकट असते."

'फुकट' या शब्दानंतरचं मी काही ऐकलं नाही. होकार देऊन मोकळा झालो.

"रविवारी येतो," तो म्हणाला. "तोवर पार्टिशनचं काय ते ठरवून ठेव."

आता पार्टिशन म्हटलं की डोंबिवलीच्या चाळीत वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. थोरल्या मुलाचं लग्न ठरलं की मधल्या खोलीत येणारं प्लायवूड! वर दोन फूट मोकळं, त्यामुळे वारा आणि संभाषण दोन्ही खेळतं राहायचं. कॉम्प्युटरचं पार्टिशन याच घराण्यातलं निघालं. डिस्क एकच, तिच्यावर रेघा आखून भाग पाडायचे आणि प्रत्येक भाग म्हणजे जणू स्वतंत्र डिस्क आहे असं सगळ्यांनी धरून चालायचं. एका भागात सिस्टिम, दुसऱ्यात आपलं सामान. उद्या सिस्टिम पुन्हा बिघडली तर तिचाच भाग पुसायचा, सामानाला धक्का नाही.

"मात्र एकदा रेघा आखल्या की मागाहून बदलणं जिकिरीचं. म्हणून आधी विचार कर, कशाला किती लागेल," एवढं सांगून त्यानं फोन ठेवला.

कशाला किती लागेल! वरवर पाहता हा त्रैराशिकाचा प्रश्न. बी.कॉम. झालेल्या माणसाला तो चहा पिता पिता सुटायला हवा. मी कागद घेतला, 'जमा' आणि 'खर्च' असे दोन रकाने आखले आणि जमेच्या बाजूला '500 जीबी' असं लिहिलं. डिस्कवर तसंच छापलेलं आहे. पण जुन्या सिस्टिममध्ये तीच डिस्क 465 दाखवायची हे मला आठवलं. पस्तीस जीबी गेल्या कुठं? भाच्यानं खुलासा केला तो असा : कंपनी एक हजारानं गुणते, सिस्टिम एक हजार चोवीसनं. दोघंही आपापल्या जागी बरोबर. ज्यानं कधी फ्लॅट बुक केला आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. 500 हा सुपर बिल्टअप, 465 हा कार्पेट. मी 500 खोडून 465 लिहिले.

मग मागण्या मागवल्या. हीच चूक झाली. मंत्रिमंडळाचं खातेवाटप करणाऱ्या मुख्यमंत्र्याला रात्रीची झोप का येत नसेल ते मला त्या आठवड्यात कळलं.

चिरंजीवांनी गेमसाठी 250 मागितले. "अरे, अभ्यासाला किती?" म्हटलं तर म्हणाला, "अभ्यासाला जागा लागत नाही, बाबा." हे वाक्य मला पूर्वीपासून जाणवत होतं, त्यानं फक्त उच्चारलं. कन्या नाच शिकते. तिच्या व्हिडिओंना 100 पुरले असते, पण भावाचा आकडा ऐकून तिनं 2005 सालच्या कायदेदुरुस्तीचा दाखला दिला. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा मुलाइतकाच हिस्सा, तेव्हा तिलाही 250! शाळेत नागरिकशास्त्र नीट शिकवतात याचा मला आनंद व्हायला हवा होता. सौ. सोसायटीची खजिनदार आहे. ती म्हणाली, "अहो, मला जास्त नको. फोटो, सोसायटीचे हिशेब आणि माहेरच्या लग्नांचे व्हिडिओ, बस्स." माहेरी लग्नं किती झाली ते मोजलं. आकडा 120 वर गेला. आईला विचारलं तर ती निवडत असलेल्या मेथीवरून मान वर न करता म्हणाली, "मला कशाला जागा? माझं काय आहे त्यात?"

मी आईच्या नावापुढे शून्य लिहिलं आणि मनातल्या मनात तिचे आभार मानले. बेरीज 620 झाली, आणि अजून सिस्टिमला एक जीबी दिला नव्हता. तुटीचा अर्थसंकल्प ही आमच्या घराची जुनी परंपरा आहे, पण तिजोरी रिकामी ठेवून राज्यच उभं करायचं नाही असं यापूर्वी झालं नव्हतं.

अशा वेळी अण्णांची आठवण होते. अण्णा म्हणजे माझे वडील. पार्टिशनची विद्या त्यांना कॉम्प्युटर न बघता येत होती. पगार झाला की रात्री जेवणं आटोपल्यावर ते खाकी पाकिटं मांडून बसत. किराणा, दूध, भाडं, शाळा, औषधं, गावी मनिऑर्डर, अशी प्रत्येकावर निळ्या शाईत नावं. पैसे त्या त्या पाकिटात जात. महिन्याच्या मध्याला शाळेचं पाकीट आटलं की दुधाच्या पाकिटातून उचल व्हायची, पण तोंडी नाही. दुधाच्या पाकिटात चिठ्ठी : 'शाळेस रु. 12 दिले.' पंचवीस तारखेच्या सुमारास सगळ्या पाकिटांत मिळून नुसत्या चिठ्ठ्या उरत. हिशेब मात्र चोख! भाचा सांगतो की लिनक्समध्येही अशा चिठ्ठ्या असतात. फाइल एका भागात आणि तिची चिठ्ठी दुसऱ्या भागात ठेवता येते. मला लिनक्सबद्दल एकदम आपुलकी वाटली.

आणि त्या पाकिटांत एक पाकीट बिननावाचं असे. त्यात दरमहा वीस रुपये जात, आणि त्याला चिठ्ठीनंसुद्धा हात लावायची कोणाला परवानगी नव्हती. लहानपणी आम्हांला वाटायचं, अण्णांचं काहीतरी गुपित आहे. एकदा धीर करून विचारलं, "अण्णा, यावर नाव का नाही?" तर म्हणाले, "जे अजून आलंच नाही त्याला नाव काय ठेवू? आधी बारसं आणि मग पोर, असं करतात का कुठं?" तेव्हा मला ही नुसती कोटी वाटली होती.

गुरुवारी मी भाच्याला पुन्हा फोन केला आणि म्हटलं, "घरात चौघं माणसं, आई धरून पाच. पाच पार्टिशनं कर आणि विषय संपव." तो म्हणाला, "मामा, तुझी डिस्क जुन्या पद्धतीची. तिच्यात चारच बसतात." मग त्यानं इतिहास सांगितला. 1983 साली आयबीएमच्या पीसी एक्सटीमध्ये 10 मेगाबाइटची हार्ड डिस्क आली आणि त्याच वर्षीच्या डॉसनं तिचे भाग पाडायची सोय केली. भागांची नोंद ठेवायला तक्ता केला 64 बाइटांचा, त्यात रकाने चार. दहा मेगाबाइटना चाराहून जास्त भाग कोण कशाला पाडतोय! पुढं डिस्का वाढल्या, लोकांना पाचवा भाग हवासा झाला, पण तक्त्यात जागा नाही. तेव्हा एका रकान्यात 'विस्तारित' असं लिहून त्याच्या पोटात आणखी भाग पाडायची युक्ती निघाली. तलाठ्याच्या भाषेत पोटहिस्सा! नव्या पद्धतीच्या तक्त्यात 128 रकाने असतात. एकत्र कुटुंबंच संपल्यावर ते आले.

"याच्याही आधीची गंमत ऐक," तो म्हणाला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची या दोघांनी बेल लॅब्जमध्ये 1969 पासून युनिक्स घडवली. लिनक्सनं वळण उचललं ते हिचंच. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या यंत्रात व्यवस्था साधी होती. एका डिस्कवर सिस्टिम, दुसरीवर वापरणाऱ्या माणसांचं सामान. दुसरीचं नाव 'यूएसआर', म्हणजे यूजर. सिस्टिम फुगली, पहिल्या डिस्कवर मावेना, म्हणून थोडीशी दुसरीवर टेकली. टेकली ती पसरली. शेवटी माणसांनाच तिथून बिऱ्हाड हलवावं लागलं आणि त्यांच्यासाठी 'होम' नावाची वेगळी जागा झाली. आजही लिनक्समध्ये यूएसआर आहे, पण त्यात यूजरचं काही नसतं. आमच्या जुन्या गल्लीत जोशीवाडा आहे, त्यात एकही जोशी राहत नाही, तसंच हे.

फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ कागदाकडे बघत बसलो. ज्यांनी युनिक्स घडवली त्यांना आपल्याला पुढं किती जागा लागेल याचा अंदाज आला नाही. मग डोंबिवलीच्या एका बी.कॉम.ला तो कसा यावा? कशाला किती लागेल हा प्रश्न त्रैराशिकाचा नाहीच. पाच वर्षांनी आपण कोण असू, असा तो प्रश्न आहे. चिरंजीव तेव्हा गेम खेळत असेल की नोकरी शोधत असेल? कन्या नाचत असेल की नाचवत असेल? वाटणी करणारा मी आजचा. तिच्यात राहणारी माणसं उद्याची. त्यांना न विचारता त्यांच्या खोल्यांची मापं ठरवण्याचा मला अधिकार काय?

असा उदात्त विचार डोक्यात आला की माझ्या हातून हमखास घोटाळा होतो. शनिवारी रात्री तो झाला.

भाच्यानं मंगळवारीच ताईबरोबर एक पेनड्राइव्ह पाठवला होता. तो लावला की डिस्कला न छेडता लिनक्स नुसती पडद्यावर चालते. "नुसतं बघ, हात लावू नकोस," असा निरोप होता. शनिवारी सगळे झोपल्यावर मी बघायला बसलो. पाहतो तर सी नाही, डी नाही! 'एसडीए 1', 'एसडीए 2', 'एसडीए 3' अशी नावं. माझा हिशेब सरळ होता. जुनी बिघडलेली सिस्टिम सीमध्ये, आमचं सामान डीमध्ये. ए, बी, सी. सी हे तिसरं अक्षर, म्हणून एसडीए 3 म्हणजे सी. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी राखलेली होती, फ्लॉप्या गेल्या तरी अक्षरं राखीवच राहिली, आणि लिनक्सला यातलं काहीच ठाऊक नसतं, हे ज्ञान मला रविवारी झालं. तिसरा भाग दुसऱ्याच्या दुप्पट मोठा दिसला, तेव्हा क्षणभर शंका आली. पण म्हटलं, सिस्टिम आहे. सरकारी खातं कुठं लहान असतं? भाच्याचे कष्ट वाचवावेत म्हणून मी तो भाग निवडला आणि 'डिलीट' केलं. मग हिरवी खूण दाबली. प्रोग्रॅमनं विचारलं, नक्की ना? बँकेत दिवसाला शंभर वेळा या प्रश्नाला 'होय' म्हणायची सवय आहे. म्हटलं, होय.

दोन सेकंद लागले. मग आमचे फोटो सुखरूप आहेत ना हे बघावं म्हणून दुसरा भाग उघडला. आत 'विंडोज' नावाचा फोल्डर!

पुढचं वर्णन करत नाही. आमच्या बँकेचा डेटा दोन वेगवेगळ्या शहरांत ठेवलेला असतो. एक शहर पाण्याखाली गेलं तरी तुमचं कर्ज माफ होत नाही. आणि त्याच बँकेच्या कारकुनाच्या घरी लग्नं, बारशी, नाच, सोसायटीचे सहा वर्षांचे हिशेब, सगळं एकाच डिस्कवर, एकच प्रत. सौ.नं झोपेत विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही." हे उत्तर त्या वेळी अक्षरशः खरं होतं.

सकाळी चहा घेताना आईनं सहज विचारलं, "काय रे, अण्णांचं ते पंख्याचं आहे ना त्यात? नव्या सिस्टिममध्ये ते वाजेल ना?"

'अण्णांचं पंख्याचं' म्हणजे एक रेकॉर्डिंग. 2015 साली चिरंजीवांना माइकचा शोध लागला आणि त्यांनी आजोबांना माइकपुढे बसवलं. अण्णा तीन मिनिटं बोलले. त्यात 'हॅलो हॅलो' आहे, पेपरातला सोन्याचा भाव आहे आणि मग मध्येच, "अरे, त्या खोलीत कुणी नाही, पंखा कशाला चालू? बंद करा आधी," असं आहे. अण्णा 2018 साली गेले. त्यांच्या आवाजाचं आमच्याकडे दुसरं काही नाही. ती फाइल आमच्या व्यवस्थित घरात कुठं ठेवलेली होती? तर 'न्यू फोल्डर (3)'मध्ये. तिचा आकार 3 मेगाबाइटसुद्धा नव्हता. आठवडाभर आम्ही 620 जीबींसाठी भांडलो, आणि तिच्यासाठी एका बाइटची मागणी कुणी नोंदवली नव्हती. माझ्या कागदावर आईच्या नावापुढे शून्य होतं.

भाचा आला. मी त्याला गॅलरीत नेऊन कबुली दिली. तो ओरडला नाही. फक्त म्हणाला, "मामा, त्यानंतर डिस्कवर काही लिहिलं नाहीस ना?" म्हटलं, "हात लावायची छाती झाली नाही." "मग होईल," म्हणाला. त्यानं समजावलं ते असं : पार्टिशन पुसलं म्हणजे तक्त्यातली नोंद पुसली. सातबारा फाटला, जमीन तिथंच आहे. तिच्यावर दुसऱ्या कुणी नांगर फिरवला नाही तोवर मोजणी करून उतारा पुन्हा तयार करता येतो. या मोजणीसाठी 'टेस्टडिस्क' नावाचा एक प्रोग्रॅम आहे, तोही फुकट. तो डिस्कवर फिरत जुन्या बांधांच्या खुणा शोधतो. काही मिनिटांत त्याला आमचा बांध सापडला. भाच्यानं तक्ता लिहिला, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, आणि तिसरा भाग जसाच्या तसा हजर.

खात्री करायला पहिली कुठली फाइल उघडायची हे सांगावं लागलं नाही. अण्णा 'हॅलो हॅलो' म्हणाले. सोन्याचा भाव सांगितला, ऐकून सौ.नं सुस्कारा सोडला. मग म्हणाले, "पंखा कशाला चालू? बंद करा आधी." चिरंजीव निमूटपणे उठला आणि आतल्या खोलीतला पंखा बंद करून आला. तो खरोखरच चालू होता.

त्यानंतर भाच्यानं आणलेल्या बाहेरच्या डिस्कवर सगळ्याची नक्कल उतरवली, आणि मग वाटणी. मी कागद पुढं केला. त्यानं तो वाचला आणि म्हणाला, "मामा, एवढ्या भिंती कशाला? भिंत तिथंच घालावी, जिथं एकीकडे आग लागली तरी दुसरीकडचं वाचायला हवं. सिस्टिम आणि होम यांच्यात हवी. तुमच्या चौघांत नुसते फोल्डर पुरतात. एकाला कमी पडलं तर दुसऱ्याचं वापरेल."

पोरगं वीस वर्षांचं आहे. आमच्या आजोबांच्या घराची वाटणी झाली तेव्हा कोणी असं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. काकांनी आणि अण्णांनी माजघरातून भिंत घातली. आग वगैरे लागायची नव्हती. कुणाला किती मिळालं ते दिसत राहावं म्हणून ती भिंत. उजेड एकीकडे गेला, चूल दुसरीकडे. आता दोन्ही बाजूंना कुलपं आहेत आणि वटवाघळं दोन्हीकडून ये-जा करतात.

तेव्हा आमचं अंतिम खातेवाटप असं झालं. सिस्टिमला 60. स्वॅपला 8, रॅम भरली की तिच्यातलं सध्या न लागणारं तात्पुरतं इथं टेकवायचं, म्हणजे आमच्या भाषेत ओव्हरड्राफ्ट. होमला 300, त्यात सगळे एकत्र. त्यातही लिनक्सची फाइल-पद्धत आपण होऊन 5 टक्के जागा राखून ठेवते, डिस्क ठेचून भरली तरी कारभाऱ्याला हालचाल करता यावी म्हणून. रिझर्व्ह बँक आमच्याकडून रोख राखून घेते तसंच. ज्यानं कुणी हे ठरवलं तो मला आपल्या जातीचा वाटला.

उरले 97. "हे कुणाला?" भाच्यानं विचारलं. चार डोकी पुढं सरकली.

"कुणालाच नाही," मी म्हटलं. "मोकळं सोड. पण होमच्या शेजारीच असू दे, म्हणजे उद्या लागलं तर जोडून घेता येईल."

"नाव काय देऊ?"

"नाव नको."

आईनं माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही. पण तिला ते पाकीट आठवलं असणार, कारण त्यातल्या पैशांचं काय काय झालं ते तिनंच पाहिलंय. आत्याच्या मुलाचं ऑपरेशन त्यातून झालं. पावसात भिंत खचली ती त्यातून उभी राहिली. आणि माझा बी.कॉम.चा फॉर्म शेवटच्या दिवशी लेट फी भरून गेला, तोही त्यातूनच. यांतलं एकही नाव पाकिटावर आधी लिहिता आलं नसतं.

या गोष्टीला आता काही महिने झाले. सिस्टिम उत्तम चालते. चिरंजीव आठवड्यातून एकदा त्या 97 जीबींची आस्थेनं चौकशी करतो. सौ. म्हणते, "अहो, एवढी जागा नुसती पडून आहे, बघवत नाही." मी त्यांना बँकेचा नियम सांगतो. 10 वर्षं एखाद्या ठेवीवर कुणी दावा केला नाही, की ती रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तोवर थांबा. तोवर तिच्यासाठी काहीतरी येईलच, आणि येताना आपलं नाव घेऊन येईल.

ते रेकॉर्डिंग मात्र अजून 'न्यू फोल्डर (3)'मध्येच आहे. फोल्डरला चांगलं नाव द्यावं असं मी सुचवलं होतं. आई म्हणाली, "राहू दे. मला सापडतं तिथं."